आधी वाट शोध, मग रबर घे

वाऱ्याने शीळ घालणाऱ्या गाडीसाठी काकाचे कानमंत्र

जुनी का होईना, चारचाकी घेतलीस, उत्तम केलंस. टहरौलीत राहायचं आणि कामं झाशीत, मऊरानीपुरात, गुरसरायला पसरलेली, म्हणजे चाकं हवीतच. आपले पूर्वज पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्या मागे घोड्यांवरून बुंदेलखंडात आले. वारा त्यांच्याही कानाशी होताच, पण त्यांनी कोणाकडे तक्रार केली नसावी. तुझी तक्रार मात्र रास्त आहे. काटा ऐंशीच्या पुढे गेला की उजव्या कानाशी शीळ सुरू होते, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि दुकानदार सांगतो, चारही दारांची बीडिंग, म्हणजे कडेची रबरं, बदला.

थांब. वारा कुठून शिरतो ती जागा बोटाने दाखवता आल्याशिवाय एक रुपया खर्चायचा नाही. आमच्या आधीच्या ड्रायव्हरांनी मला हा पहिला कानमंत्र दिला आणि बाकीचे सगळे याच्याच पोटातून आले. रबर जुनं दिसतं म्हणून ते गुन्हेगार ठरत नाही. पुष्कळदा रबर धड असतं आणि दारच नीट बसत नसतं. कधी दार आणि रबर दोन्ही ठीक असतात, दोष आरशाच्या बुडाशी असतो.

आवाज कोणाचा, ते ठरव

गाडीत चार आवाज एकमेकांत मिसळतात: टायरचा, बेअरिंगचा, इंजिनचा आणि वाऱ्याचा. रस्ता बदलला, खडबडीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर आलास आणि आवाज बदलला, तर तो टायरचा. लांब वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की घोंघावणं वाढतं किंवा थांबतं, तो बेअरिंगचा. त्याला रबराचं औषध नाही, आणि त्याची दुरुस्ती लांबणीवरही टाकू नये. वेग तोच ठेवून गिअर बदललास आणि आवाजाचा सूर बदलला, तर इंजिनचा.

वाऱ्याची खूण वेगळी. समोरून ट्रक गेला, शेजारून बस पुढे गेली, झाडीतून एकदम उघड्या माळावर आलास, की तो क्षणभर बदलतो. आपल्याकडे याची सोपी परीक्षा मे महिन्यात आपोआप होते. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, पश्चिमेकडून वाहते आणि झाशी टहरौलीच्या पश्चिमेला आहे. जाताना वारा छातीवर, येताना पाठीवर. काटा दोन्ही वेळा ऐंशीवर असून जाताना कानठळ्या आणि येताना शांतता असेल, तर चोर वाराच आहे.

हिशेबही लक्षात ठेव. गाडीच्या अंगावरून घासत जाणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाची ताकद वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला तर ती ६४ पट, म्हणजे १८ डेसिबल. तू ८० ने जातोयस आणि समोरून ३० चा वारा आहे, तर गाडीला ११० चा वारा लागतो आणि आवाजाची ताकद जवळजवळ सातपट होते. म्हणून परीक्षा घ्यायची ती पहाटे, वारा पडलेला असताना, एकाच रस्त्यावर, एकाच वेगाला. नाहीतर काल दुरुस्त झालेली गाडी आज पुन्हा बिघडली असं वाटेल, आणि बिघडलेला असेल फक्त वारा. वेगाची मर्यादाही पाळ. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीसाठी केंद्राने २०१८ मध्ये कमाल मर्यादा ताशी १०० ठरवली. पाटीवर कमी आकडा असेल तर तो खरा. आणि ऐकायचं काम शेजारी बसलेल्याने करायचं. गाडी हाकणाऱ्याने कान दाराला लावायचा नाही.

आवाजाची जात ओळख

बारीक, तीक्ष्ण शीळ म्हणजे फट अरुंद आहे आणि तिला धारदार कड आहे: निसटलेली पट्टी, आरशामागच्या त्रिकोणी प्लास्टिकची उचललेली कड, काचेच्या पट्टीतला तडा. रुंद ‘सूंऽऽ’ असा आवाज म्हणजे दाराच्या वरच्या कडेला लांबवर दाब कमी पडतोय. फडफड म्हणजे काहीतरी सुटलंय आणि हलतंय. ते डोळ्यांनी दिसतं. काच एकदोन सेंटिमीटर खाली करून पुन्हा घट्ट वर घे. आवाज बदलला तर दाराच्या रबरापेक्षा काचेच्या खाचेकडे आधी बघ. दार आतून हाताने आपल्याकडे ओढून धरायला शेजाऱ्याला सांग. ओढल्यावर आवाज दबला, तर दार सैल बसतंय.

दाराशी संबंध नसलेल्या चोरांचीही झडती घे. छतावरचा कॅरिअर, खिडक्यांवर बाहेरून चिकटवलेले पावसाळी व्हायजर, वाकडी अँटेना, ढिली नंबर प्लेट, समोरच्या काचेभोवतीची उचललेली रबरपट्टी. कॅरिअर आणि व्हायजर आपल्याकडे हौसेने लावतात आणि मग शिळेचं खापर दारावर फोडतात. कॅरिअर उतरवून एक फेरी मार. फुकटात निकाल लागतो. समोरची काच कधी बदललेली असेल, तर ती पट्टी दोनदा तपास.

धूळ साक्ष देते, पण अर्धी

आपल्याकडे गिट्टीचे आणि मौरंगचे, म्हणजे जाड वाळूचे, ट्रक रस्त्यावर धुरळा उडवत असतात, आणि गावाबाहेरची कच्ची वाट तर आहेच. या धुळीला शिव्या देऊ नकोस, तिला कामाला लाव. दारांच्या चौकटी, उंबरठे आणि रबर ओल्या फडक्याने लख्ख पूस, वाळू दे. मग पंखा बंद ठेवून, काचा वर करून कच्च्या रस्त्याने एक फेरी मार. दारं हलक्या हाताने उघड. रबराच्या बाहेर धूळ असणारच. ती रबराची रेघ ओलांडून जिथे आत आली आहे, तिथे वाट आहे. त्या जागी खडूने खूण कर.

पण एक सावधगिरी. धूळ बहुधा खालच्या कोपऱ्यांतून येते, चाकांनी उडवलेली. वेगातली शीळ मात्र वरच्या कडेला, कानाच्या जवळ जन्मते. खालच्या उंबरठ्यावरची धूळ बघून वरच्या शिळेचं निदान करायचं नाही. ती दोन दुखणी आहेत, आणि दोन्ही एकाच दारात असू शकतात.

कागद, खडू, उदबत्ती, टेप

कागद. ‘दैनिक जागरण’ १९४२ साली झाशीतच सुरू झालं, तेव्हा त्याच्या रद्दीने एवढं काम करायला हरकत नाही. दोन बोटं रुंद पट्टी काप, दार आणि चौकट यांच्यामध्ये ठेव, दार लाव आणि पट्टी ओढ. अडखळत, जोर लावून निघाली तर रबर दाबतंय. सुळकन निघाली तर नाही. वीतभर अंतराने सगळ्या दाराभोवती हे कर. आणि नुसतं एकाच दाराचं बघू नकोस: उजव्या दाराच्या ज्या जागी पट्टी सैल निघते, त्याच जागी डाव्या दारात काय होतं ते बघ. तुलनेशिवाय निकाल देऊ नये.

खडू. शाळेतला पांढरा खडू रबरावर घास, दार सावकाश लाव, पुन्हा उघड. दाराच्या पत्र्यावर पांढरी रेघ उमटेल. ती सलग आणि सारख्या रुंदीची हवी. तुटली तिथे रबर पोचत नाही. खूप जाड उमटली तिथे रबर चिरडलं जातंय, म्हणजे दार एका बाजूला जास्त आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर आहे.

टॉर्च. रात्री एकाने आत बसून टॉर्च कडेकडेने फिरवायचा, दुसऱ्याने बाहेरून बघायचं. उजेड दिसला तर फट नक्की. दिसला नाही तर ‘बहुधा नाही’, एवढंच म्हणायचं. रबराच्या पाळीआडून वारा वळून येतो, उजेड येत नाही.

उदबत्ती. सगळी दारं आणि काचा बंद, गाडीचा पंखा पूर्ण वेगावर, हवा बाहेरून घेण्याच्या खटक्यावर. गाडीच्या आत दाब वाढतो आणि हवा फटीतून बाहेर पडू बघते. वारा नसलेल्या जागी बाहेरून उदबत्ती कडेकडेने फिरव. जिथे धूर सरळ वर जायचं सोडून बाहेर ढकलला जातो, तिथे खूण. सीएनजीच्या गाडीजवळ किंवा पेट्रोलचा वास येत असेल तिथे उदबत्ती नको. साबणाचं पाणी ब्रशने लाव, बुडबुडे तेच सांगतील.

पाणी. नळीने पाणी सोडायचं तर खालून सुरू कर आणि हळूहळू वर जा, म्हणजे कुठल्या उंचीवर आत आलं ते कळतं. पण पाणी आत आलं नाही म्हणून वारा येत नाही असं समजू नकोस. उभ्या गाडीत घट्ट असलेलं दार वेगात सैल होतं. त्याचं कारण पुढे सांगतो.

टेप. हा शेवटचा न्यायाधीश. रंगकाम करणारे वापरतात तो कागदी मास्किंग टेप घे. संशय असलेल्या दाराची सगळी फट बाहेरून झाकून टाक, आरशाचं बूड, काचेच्या तळाची रबरपट्टी आणि समोरच्या काचेची कडही. तू पलीकडच्या दाराने आत बस. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाला फेरी मार. आवाज गेला, तर आता एकेक पट्टी काढत जा आणि प्रत्येक वेळी तीच फेरी मार. ज्या पट्टीनंतर शीळ परत आली, ती जागा वहीत लिही. सगळं झाकूनही आवाज तसाच राहिला, तर दाराचा नाद सोड आणि छताकडे, टायरकडे वळ. टेप उन्हात ठेवू नकोस. आपल्या उन्हात त्याचा गोंद रंगावर भाजून बसतो.

वेगात दार बाहेर का ओढलं जातं

समोरच्या काचेच्या खांबावरून वारा वळतो तिथे त्याचा वेग वाढतो आणि बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा कमी होतो. म्हणजे दाराच्या वरच्या चौकटीला आणि काचेला वारा आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. ताशी १०० च्या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४५ किलो वजनाएवढा असतो. एवढ्या ओढीने खालच्या जाड पत्र्याला काही होत नाही, पण खिडकीभोवतीची बारीक चौकट केसभर बाहेर वाकते. नव्या रबरात फुगण्याची ताकद असते. चौकट बाहेर सरकली की तेही मागोमाग फुगून फट भरतं. वर्षानुवर्षं दबून चपटं झालेलं रबर तेवढं फुगत नाही. उभ्या गाडीत कागद अडखळतो आणि नव्वदला शीळ वाजते, त्याचा उलगडा हा. एका ठरावीक वेगाला शीळ अचानक सुरू होत असेल, तर दाराची वरची मागची बाजू आधी बघ.

दार बसतं का, ते बघ

रबराला हात लावायच्या आधी दार उघडून त्याच्या टोकाला धरून वर उचल. कटकट असा खेळ लागला तर कब्जांच्या पिना झिजल्यात. त्या बदलल्याशिवाय वरचं कुठलंही रबर टिकणार नाही, कारण दार रोज वेगळ्या जागी बसेल.

खेळ नसेल तर बंद दारावरून बोट फिरव. दाराचा पत्रा शेजारच्या पत्र्याशी सपाट हवा. मागची कड बाहेर राहत असेल तर चौकटीवरची लोखंडी कडी, जिच्यात लॉक अडकतं, ती स्ट्रायकरची कडी किंचित आत सरकवायची. त्याची रीत अशी: आधी तिच्याभोवती पेन्सिलने रेघ काढ, म्हणजे परतीचा रस्ता राहील. स्क्रू थोडे ढिले कर, पूर्ण काढू नकोस. काही गाड्यांत आतला आधारपत्रा खाली पडतो आणि मग तो काढायला अख्खी चौकट खोलावी लागते. एका वेळी एक मिलिमीटर सरकव, घट्ट कर, दार लावून बघ, कागदाची परीक्षा पुन्हा घे. उंची उगाच बदलू नकोस. दार लावताना ते कडीवर चढत किंवा उतरत असेल, तरच.

आणखी एक खूण. काच उघडी ठेवून दार लाव, मग सगळ्या काचा बंद करून लाव. उघड्या काचेला अलगद लागतं आणि बंद काचांना आपटावं लागतं, तर दोष रबराच्या जाडीचा नाही. आतल्या हवेला बाहेर पडायची मागची झडप धुळीने बुजली असेल, ती साफ कर.

खिडकीची चौकटच बाहेर वाकली असेल, तर काही मिस्त्री गुडघा लावून ती आत दाबतात. हे काम होतं, पण हात कसलेला हवा. चुकलं तर काच खाचेत अडकते, नाहीतर फुटते. मधे कापड आणि लाकूड ठेवून, थोडं दाबून, पुन्हा मोजून करणारा डेंटर असेल त्याच्याकडेच जा.

रबराची सेवा

दाराचं रबर बहुतेक गाड्यांत ईपीडीएम जातीचं असतं. ऊन आणि पाणी ते चांगलं सोसतं, खनिज तेल सोसत नाही. पेट्रोल, डिझेल, घासलेट, थिनर, ग्रीस, पेट्रोलियम जेली यांतलं काहीही त्याला लावायचं नाही. तेलाने ते आधी मऊ आणि काळंभोर दिसतं, माणूस खूश होतो, मग ते फुगतं, लिबलिबीत होतं आणि फाटतं. मोहरीचं तेलही नको. धूळ चिकटून त्याची खरवड होते आणि प्रत्येक वेळी दार लावताना ती रबर घासते.

गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू आणि कोमट पाणी, मऊ फडकं, बस. रबराच्या पाळीखाली बोट घालून आतली मौरंग काढ; तिथे ती साचून राहते. रबर पत्र्यावर ज्या जागी टेकतं ती जागाही पूस. सुकलं की सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर मारून हलका हात फिरव. थेट दारावर फवारू नकोस. काचेवर गेला तर रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, आणि रंगाचं काम काढायचं असेल तर नवा रंग त्या जागी धरत नाही.

एवढ्या सेवेने कधीकधी शीळ अर्धी होते. तेव्हा नवं रबर घेण्याआधी निदान एवढं करून बघ.

चपट्या रबराला उभारी

रबर फाटलेलं नाही, कडक झालेलं नाही, फक्त एका जागी दबलंय, तर दोन युक्त्या आहेत. पहिली, ते चौकटीवरून वीतभर सोडव आणि दबलेल्या भागामागे पातळ फोमची पट्टी घालून पुन्हा बसव. रबर तेवढं पुढे येतं. दुसरी, पोकळ रबराच्या पोटात बारीक मऊ नळी सरकवायची, फक्त दबलेल्या भागात. रबराला मधेमधे लहान भोकं असतात, तिथून ती जाते. ती भोकं बुजवायची मात्र नाहीत. दार लागताना पोकळीतली हवा तिथूनच निघते. बुजली तर दार उसळतं.

रबर ज्या पत्र्याच्या कडेवर चढवलेलं असतं, तिथली आतली धातूची पकड सैल झाली असेल तर पकडीने जरा आवळ. कडेवर गंज दिसला तर आधी तो घासून काढ, प्रायमर आणि रंग लाव, वाळू दे. गंजावर नवं रबर चढवणं म्हणजे गंजाला ओलावा पुरवणं. एखादी चीर असेल तर रबरासाठी मिळणारा काळा अॅडहेसिव लाव. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो आणि त्याच्याच शेजारी नवी चीर पडते. बाथरूमच्या फटी भरायचा व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर पत्र्याजवळ नेऊच नकोस. सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि पत्रा गंजतो.

नवं रबर

बदलायचंच ठरलं, तर जुन्याचा तुकडा घेऊन दुकानात जा. नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या सालच्या दारांना वेगळ्या आकाराचं रबर असू शकतं. पकडीची रुंदी, पोकळ भागाची उंची आणि पाळीचा आकार जुन्याशी ताडून बघ. जुनं दबलेलं आहे हे ध्यानात ठेवून उंची त्याच्या धड राहिलेल्या भागावर माप.

एका दारात एकच रबर नसतं. एक चौकटीवर बसतं, अनेक गाड्यांत दुसरं दारावरच क्लिपांनी लावलेलं असतं, तिसरी ती मखमली खाच जिच्यातून काच वरखाली होते, चौथी काचेच्या तळाशी बाहेरून दिसणारी पट्टी. टेपच्या परीक्षेत जी जागा सापडली तिचंच रबर घे. काचेची खाच झिजली असताना चौकटीचं रबर बदललं, तर पैसे जातील आणि शीळ राहील.

बसवताना ऊन बघ. पहाटेच्या गारठ्यात रबर ताठ असतं; थोडं ऊन चढू दे. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात कर आणि कोपऱ्यात रबर सैल, भरपूर सोड. कोपऱ्यावर ताणलेलं रबर तिथे पातळ होतं आणि पुढे आकसतं. सरळ भागातही ओढून लांबवू नकोस. सांधा नेहमी खाली, उंबरठ्यावर घ्यायचा. वर घेतला तर पहिल्याच पावसात पाणी दाखवतो. शेवटचं टोक सेंटिमीटरभर जास्त ठेवून काप आणि दोन्ही टोकं एकमेकांना दाबून बसव. रबरी हातोडीने हलके ठोकत जा. नव्या रबराने दार काही दिवस जड लागतं, ते बसू दे. लगेच कडी बाहेर सरकवायची घाई करू नकोस.

चिकट पट्टीचा मोह

दुकानात गुंडाळीने मिळणाऱ्या चिकट रबरपट्ट्या असतात, डी, पी, झेड अशा आकाराच्या. त्या वाईट नाहीत, पण त्या मूळ रबराला जोड आहेत, पर्याय नाहीत. सगळ्या दाराभोवती जाड पट्टी फिरवली की दार आपटावं लागतं, लॉकवर ताण येतो, मागची कड बाहेर राहते, आणि वाऱ्याला नवी धार मिळते. म्हणजे शीळ वाढते. जिथे खडूची रेघ तुटली, तेवढ्याच लांबीत, शक्य तितकी पातळ पट्टी लाव.

लावताना पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. आदल्या दिवशी तू सिलिकॉन फिरवला असशील तर त्यावर काहीही चिकटत नाही, तेव्हा हे पुसणं टाळू नकोस. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी थंड पत्र्यावर गोंद धरत नाही; दुपार गाठ. अंगठ्याने जोर देऊन दाब आणि दिवसभर दार फारसं उघडू नकोस, पाणी लावू नकोस. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती पट्टीखाली गेली तर दार आतून कुजेल.

दाराच्या पोटातलं प्लास्टिक

हा मंत्र फार थोडे मिस्त्री स्वतःहून सांगतात. दाराच्या आतल्या पॅनलमागे एक प्लास्टिकची चादर चिकट काळ्या पट्टीने लावलेली असते. काचेची मोटर किंवा लॉक दुरुस्त करताना ती फाडावी लागते, आणि पुष्कळदा ती पुन्हा नीट चिकटवली जात नाही. मग वाऱ्याचा, रस्त्याचा आवाज आणि धूळ दाराच्या पोटातून थेट आत येते, आणि बाहेरचं रबर कितीही नवं असलं तरी उपयोग होत नाही. तुझी गाडी जुनी आहे. आधीच्या मालकाने काचेचं काम करून घेतलं का, हे विचार. उत्तर हो असेल तर पॅनल उघडून ती चादर बघ. फाटली असेल तर जाड प्लास्टिक कापून ब्युटाइलच्या पट्टीने पुन्हा लाव. खालची कड आतल्या बाजूला वळव, म्हणजे काचेवरून उतरलेलं पाणी भोकांकडे जाईल.

इथल्या ऋतूंचं वेळापत्रक

रब्बीची मळणी झाली की हवेत भुसा असतो. तो रबराच्या पाळीत आणि काचेच्या खाचेत अडकतो. तेव्हा एकदा खाचा ब्रशने साफ कर. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो. गाडी सावलीत ठेव, आणि ठेवताना दारं पूर्ण लाव. अर्धवट लागलेल्या दाराखाली तापलेलं रबर वाकडं होऊन तसंच राहतं. पावसाआधी पाण्याची परीक्षा, थंडीआधी सिलिकॉनचा हात. कच्च्या रस्त्यावर काचा बंद करून पंखा बारीक वेगावर, बाहेरच्या हवेच्या खटक्यावर ठेव. आतला दाब किंचित जास्त राहतो आणि धूळ कमी शिरते. समोर धुरळ्याचा ट्रक असेल तर मात्र त्याला आधी पुढे जाऊ दे, नाहीतर तीच धूळ पंखा ओढून घेईल.

आणि गाडीची प्रकृतीही ओळख. बोलेरोसारख्या उभ्या काचेच्या, चौकोनी गाडीला वारा लागणारच. तिथे शीळ घालवायची, सूं सूं सोसायची. सगळा आवाज घालवायला निघालास तर रबरावर रबर चढवत राहशील.

हे सगळं केल्यावर दुकानात तुझं बोलणं बदलेल. ‘गाडीत आवाज येतो’ असं म्हणणाऱ्याला चार दारांचं रबर विकलं जातं. ‘पुढचं उजवं दार, चौकटीवरचं रबर, वरच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर दबलंय, कडी बघितली, कब्जे बघितले, काचेची खाच ठीक आहे’ असं म्हणणाऱ्याला एकच रबर मिळतं, आणि मिस्त्रीही ते जपून बसवतो.